कराडची मालन

कोथरूडच्या त्या सोसायटीत मालनचं माहेर कराड, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खरं तर ती कराचीची. फाळणीनंतरही तिथेच राहिलेल्या एका मराठी घरातली. नवऱ्याच्या, बद्रीनाथच्या, लांबच्या नात्यातली, म्हणून सून होऊन पुण्यात आली. पहिल्याच संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी माहेर विचारलं. तिने सरळ सांगितलं, "मी कराचीची." शेजारच्या भाग्यश्रीताईंनी ऐकलं ते कराडची.

"तरीच! म्हटलं, हा हेल काही आमच्या पुण्याचा नव्हे."

बायका हसल्या. मालन चूक दुरुस्त करणार, तोच सासूबाईंनी तिचा हात हलकेच दाबला आणि तिळगुळाचं ताट पुढे केलं. सासूबाई वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. यथावकाश त्या गेल्या. कराड मात्र तसंच राहिलं.

यंदाच्या मे महिन्यात दोन्ही देशांत लढाई पेटली. सीमा तर आधीच बंद झाली होती. मालनकडे इथे राहण्याची परवानगी होती, नागरिकत्व नव्हतं. गेली असती तर पुन्हा बद्रीनाथकडे येता आलं नसतं. तिकडे आई दम्याने अंथरुणाला खिळलेली. मालनला एवढंच हवं होतं, की एकदा तिचं तोंड दिसावं. फोनवर तरी. पण फोनही लागेना.

अशात एका संध्याकाळी भाग्यश्रीताई पेढे घेऊन आल्या. टीव्हीवर कराची बंदर बेचिराख झाल्याचं सांगत होते. आईचं घर बंदराच्या मागच्या गल्लीत. भाग्यश्रीताई दारातून हलेनात, म्हणून मालनने पेढा तोंडात घातला आणि गिळला.

सकाळी कळलं, बातमी खोटी होती. मालनने देवापुढे दिवा लावला. दुपारी दुबईतल्या मावसभावाचा निरोप आला. आई पहाटेच गेली होती, दम्यानेच. तिकडच्या गोंधळात गाडी मिळाली नाही, दवाखाना गाठता आला नाही.

तिचा हंबरडा ऐकून भाग्यश्रीताई धावत आल्या. आई गेली एवढंच त्यांना कळलं. त्यांनी मालनला पोटाशी धरलं, त्यांचेही डोळे भरून आले.

"अगं, मग बसलीस काय? कराड काय परदेशात आहे? ऊठ. तू पोचेपर्यंत थांबतील ते."

मालनने नवऱ्याकडे पाहिलं. बद्रीनाथ मार्केट यार्डात भल्याभल्या व्यापाऱ्यांशी घासाघीस करणारा माणूस. तो खाली वाकून चपला शोधू लागला. भाग्यश्रीताईंनीच पिशवी भरली, वाटेत घोटभर पी म्हणून थर्मासमध्ये चहा दिला आणि दोघांना रिक्षात बसवून दिलं. स्वारगेटला ती दोघं खरंच कराडच्या एसटीत चढली. दुसरीकडे कुठे जाणार?

कराडच्या स्टँडवर उतरल्यावर रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जायाचं, ताई?"

मालन म्हणाली, "नदीवर."

संगमावर कुणाची तरी चिता विझत आली होती. मयताची माणसं केव्हाच घरी गेली होती. मालन पायरीवर बसली. बद्रीनाथ जरा अंतरावर उभा राहिला. तिला रडू येईना. ज्या गावची म्हणून ती इतकी वर्षं मिरवली, त्या गावात तिला ओळखणारं कुणी नव्हतं.

फोन वाजला. भाग्यश्रीताई होत्या.

"पोचलीस ना गं? मिळालं का आईचं तोंड बघायला?"

"मिळालं," मालन म्हणाली.