बुरख्याची ओटी

अमीनाबी गेल्याचं तिच्या मुलानं अकोल्याहून येऊन सांगितलं, त्याला महिना झाला. मला रडू आलं नाही. तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही...

बडनेऱ्याजवळच्या आमच्या गावात तिचं घर आणि वावर आमच्या घराला, शेताला लागून. लग्न होऊन आलो तेव्हा दोघीही डोक्यावर पदर घेऊन कापूस वेचायचो. बुरखा काय नि गोषा काय, ती मोठ्या घरची गोष्ट. राबणाऱ्या बाईला परवडत नव्हती. मग दूर अमेरिकेत लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जाईना आणि आमच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पैसा आला तशी पुरुषांना अब्रू आठवली. तिच्या नवऱ्यानं, करीमभाईनं, अमरावतीहून पांढरा बुरखा आणला. माझ्या सासऱ्यांनी देशमुखांचं पाहून मला गोषात बसवलं, बैलांच्या दमणीलाही पडदे लावले. अमीनाबी तर मिरवायची. म्हणायची, "आता आपण येचणाऱ्या नाही वं!"

लढाई संपली, भाव पडला, मजूर लावणं होईना. सासरे म्हणाले, "उद्यापासून वावरात." मी मुकाट निघाले. शेजारी करीमभाई तेच सांगत होता, "उतार वो बुरखा, चल." अमीनाबी दारातून हलली नाही.

"पहनाते बखत पूछे थे क्या? उतारते बखत तो पूछो!"

तो चिडला, बोलणं टाकलं. पण कापूस बोंडातून गळून मातीत जाऊ लागला, तेव्हा आला आणि विचारलं, "उतारती क्या?"

"नहीं. पर चलती हूँ."

बुरख्याचा घेर कमरेला खोचून तिनं त्याचीच ओटी केली आणि त्यात कापूस भरू लागली. पांढऱ्या कापडाला वाळल्या पानांचा कचरा चिकटलेला. बाया हसल्या, "बेगम आली वं कापूस येचाले!"

"बेगम हाय, म्हून तुमच्याहून जास्त येचीन," ती जाळीतून म्हणाली. आणि वेचलाही.

मला ते पटलं नाही. सुटायची संधी आली असताना चिकटून राहायचं कशाला? एकदा म्हटलं, "तुले त्यात गुदमरत नाही काय?"

"गुदमरते ना. पण आता माह्या मनानं गुदमरते."

हे वाक्य मला आजही झोंबतं. पुढे अकोल्यात तिच्या सुनेनं बुरखा घेतला नाही, तर ही हूं की चूं बोलली नाही.

मला सासऱ्यांनी विचारलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? पडद्याआड कंबर मोडत नव्हती, हेही खरं... अजून दारात परका पुरुष आला की हात पदराकडे जातो आणि मध्येच थांबतो. तो हात मी उचलते की मेलेले सासरे, मला ठरवता येत नाही.