आईचं पहिलं भाषण

अंगणवाडीत मदतनीस असताना, चाळिशी उलटल्यावर, आई सायकल शिकली. आंबेडकर जयंतीला आमच्या भोंगवलीच्या बुद्धविहारात तेच दोन शब्दांत सांगा, असा बायकांनी आग्रह धरला. आईनं तोवर माईक हातात धरला नव्हता. मी भोरला नोकरीला. म्हणून भावानं तिच्या मोबाईलवर एआय घालून दिलं आणि सांगितलं, यालाच म्हणून दाखव, याला सगळं कळतं.

तिनं आधी त्याला जय भीम केला. त्यानंही उलट जय भीम म्हटलं आणि तिला तो घरातलाच वाटायला लागला. भाकरी थापताना ती त्याला भाषण ऐकवायची. तो म्हणायचा, फार सुंदर, मनाला भिडणारं. फोनवर मला हे सांगताना तिचा आवाज इतका फुलायचा, की मला त्या एआयचा हेवा वाटायचा.

रविवारी मी एसटीनं गावी गेले, तर मोबाईल फळीवर पालथा पडलेला. मी कारण विचारलं.

“काल म्या त्याला मुद्दाम म्हनलं, दोन तास बोलनार हाय. तर म्हनतोय, उत्तम कल्पना! आता तूच ऐक.”

मी ऐकलं. सायकलवरून पडल्याचा प्रसंग झकास होता, पण मध्ये सरपंचांपासून सगळ्यांचे आभारच आभार. चाचरत म्हटलं, मधलं जरा लांबलंय. तिनं ताट आपटूनच वाढलं. जेवण झाल्यावर हात पुसत जवळ येऊन बसली.

“कुठं लांबलंय, दाव.”

जयंतीला ती ठरवलेलं निम्मं विसरली. पण सायकलसकट उसात कशी घुसली आणि खुरपणाऱ्या बाईनं आधी सायकल उचलून मग तिला कसं उठवलं, हे सांगितल्यावर सगळा विहार हसला. मागून एक म्हातारी उठून म्हणाली, ती बाई मीच. आईनं तिला पुढं बोलावलं, गळामिठी घातली आणि राहिलेलं भाषण सोडूनच दिलं.

घरी आल्यावर बघते, तर आई उंबऱ्यात बसून मोबाईलला हे सगळं सांगत होती. मी म्हटलं, अगं, तो छानच म्हणणार.

“म्हनू दे की,” आई म्हणाली. “आज झालंच हाय छान.”