चिंबोरी भित्री नव्हती

मंडळी, आज सकाळी माझं डोकं फिरलं, म्हणून लिहितोय.

तिसरीतल्या नातीला शाळेत आपल्या खाडीकडची एक लोककथा दिली होती. बगळा येतो तेव्हा निवटी ही चिखलातली छोटी मासळी उडी मारून त्याच्या अंगावर जाते आणि नुकतंच कवच टाकलेली चिंबोरी, म्हणजे खेकडा, बिळात बसून राहते. दोघींच्या स्वभावाची तुलना करायची होती. नातीने लिहिलं, निवटी धीट, चिंबोरी शहाणी. बाईंनी 'शहाणी'वर लाल फुली मारली.

"आजा, नवीन कवच मऊ असतं. भायेर आली तर बगळा खाईल ना तिला," नात म्हणाली. तिची आई रोज चिंबोऱ्या विकते.

मी वही घेऊन शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "आजोबा, आम्हाला दिलेल्या उत्तरसूचीत 'भित्री' असंच आहे. आणि ही गोष्टीतली चिंबोरी आहे, बाजारातली नव्हे."

म्हटलं, "बाई, ज्यांनी ही गोष्ट रचली ते चिंबोऱ्याच पकडत होते."

आमचे गुरुजी कविता चालीवर म्हणवून घेत आणि मग विचारत, "यातलं कोण आवडलं? का?" त्या 'का'साठी ते खुशाल थांबून राहत. इथे 'का'ला जागाच नाही. दोन रकाने भरा आणि मोकळे व्हा.

दुपारी पाहिलं तर नातीने 'शहाणी' पुसून 'भित्री' लिहिलं होतं. "ऱ्हाऊ दे आजा, बाई वरडतील."

संताप होतोय तो याचा. खरं उत्तर परत लिही, असं तिला सांगू का? उद्या ओरडा तिलाच बसेल. तुम्ही काय केलं असतं?