गाठीभोवतीची गर्दी

वहिनीची गाठ माझ्या टेबलावर आली, ती कुणी मुद्दाम पाठवली नव्हती. सांगलीतल्या त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. ऑपरेशन थिएटरातून बरणी आली. तिच्यावर चिकटपट्टी आणि चिकटपट्टीवर आमचं आडनाव. मी बरणी खाली ठेवली आणि आधी तोंडावर पाणी मारून आले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ फौजेत हवालदार, वर्षाकाठी दोन महिन्यांच्या रजेवर येणारा. ऊस, म्हशी, दोन लेकी आणि माझे आईवडील, सगळं वहिनीच्या अंगावर. मी मॅट्रिक झाले तेव्हा वडिलांनी माझ्यासाठी विट्याकडचं एक स्थळ आणलं होतं. घरात सगळ्यांना पसंत होतं. वहिनी सासऱ्यापुढे कधी मान वर करायची नाही, पण त्या दिवशी पदर सारखा करत सोप्यात आली आणि म्हणाली, "मामंजी, वन्संस्नी शिकू द्या. घरात एक तरी बाई असू दे जिला कागद वाचता येतोय." वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मी मात्र लॅबचं काम शिकायला सांगलीला गेले.

ती गाठही मलाच सापडली. दिवाळीत तिच्या पाठीला तेल लावताना माझा हात काखेपुढे गेला आणि बोटांखाली सुपारीएवढं काहीतरी टणक लागलं. "वैनी, हे काय?" म्हटलं, तर म्हणाली, "दूध साकळलं आसंल." धाकटी लेक शाळेत जायला लागून दोन वर्षं झाली होती! कसलं दूध साकळतंय? सहा महिने तिनं ती लपवली होती. भाऊ मध्ये रजेवर येऊन गेला, त्यालाही सांगितलं नव्हतं. रजेवर आलेल्या माणसाच्या जिवाला घोर लावायचा नाही, हा तिचा नियम.

तर ती बरणी. गाठीचा तुकडा मेणात बसवायचा, मेणाच्या वडीचे पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे, हे माझं रोजचं काम. त्या दिवशी माझे पहिले चार काप फाटले. पाचवा धड आला. आमचे थोरले डॉक्टर सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघत बसले. कॅन्सर आहे, हे त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "इकडे ये. हे बघ."

मी डोळा लावला. वेड्यावाकड्या पेशींचा पुंजका होता, आणि त्याच्याभोवती जांभळ्या टिपक्यांची दाटी. आजारी माणसाच्या दाराशी गाव लोटावं तशी. "या पांढऱ्या पेशी," डॉक्टर म्हणाले. "शरीर स्वतः लढतंय. अशी गर्दी असली की औषधाला साथ मिळते, अशा बायका जास्त टिकतात, असं मी इतक्या वर्षांत पाहिलंय. पुस्तकात अजून नीट लिहिलेलं नाही. पण औषधाला साथ, हं. औषधाऐवजी नव्हे."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

लॅबच्या माणसानं काचेवर दिसलेलं पेशंटला सांगायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी तो तासाभरात मोडला. वहिनी वॉर्डात भिंतीकडे तोंड करून पडली होती. छातीवर जाड पट्ट्या. मला काहीतरी चांगलं सांगायचं होतं. आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही होती. तिनं मला कागद वाचायला पाठवलं होतं, आणि मी आज तिच्या अंगाच्या आतलं वाचून आले होते. मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "वैनी, तुमच्या आंगातच फौज हाय. गाठीला येढा घालून बसलीय. मी माझ्या डोळ्यानं बघितलं."

फौज हा शब्द मीच काढला. हवालदाराच्या बायकोला समजेल असा शब्द म्हणून.

ती कितीतरी दिवसांनी हसली. "खरं?"

जखम भरली आणि इंजेक्शनं सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी एक, सहा महिने. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं, पांढऱ्या पेशी पुरेशा असतील तरच सुई. मोजणी मीच करायची. वहिनी पहाटेची एसटी धरून यायची, ओकाऱ्यांच्या भीतीनं काही न खाता बाकावर बसायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "किती हायत?" मी आकडा सांगायची. दुसऱ्या खेपेला तो उतरला होता. तिसऱ्या खेपेला निम्म्यावर आला, आणि डॉक्टरांनी सुई आठवडाभर पुढं ढकलली.

"का कमी हुत्यात?" तिनं विचारलं.

"इंजेक्शनानं. वाईट पेशींबरोबर ह्यापण मरत्यात. मागनं परत वाढत्यात."

केस गळाले म्हणून पदर कपाळापर्यंत ओढलेला असायचा, त्याखाली तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. त्या आठवड्यानंतर तिनं ती सुई घेतली, आणि चौथ्या वेळेला ती आलीच नाही.

मी रजा टाकून गावी गेले. वहिनी अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी चपला काढायच्या आधीच ओरडायला लागले. ती शांतपणे शेंगा फोडत राहिली. माझा दम संपल्यावर म्हणाली, "वन्सं, आत फौज लढतीया म्हणून तुमीच सांगितलं न्हवं?"

"व्हय, पर..."

"आन् सुई दिली की तीच फौज मरतीया, ह्येबी तुमीच सांगितलं. मग आपल्याच मान्सांवर गोळी कशापायी घालायची? ह्येंच्या पलटणीत आसं कोन करंल का?"

तिच्या बोलण्यात कुठंच खोट नव्हती. दोन्ही गोष्टी माझ्याच तोंडच्या होत्या. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य मी तेव्हा सांगितलं, साथ म्हणून, ऐवजी नव्हे. तिनं मान हलवली. "डाक्टर सगळ्यांस्नी सुईच सांगतंय. तुमी डोळ्यानं बघितलंय." मी रडले, आईला मध्ये घातलं, भावाला पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं की ती बरी आहे असं स्वतः लिहून कळवते, तू उगाच घाबरवू नकोस. तिला लिहिता येत नव्हतं. पत्र तिनं थोरल्या लेकीकडून लिहून घेतलं होतं.

आणि ती खरंच बरी दिसत होती, हे सगळ्यात वाईट. केस आले, अंग भरलं, वैरणीचा भारा पुन्हा डोक्यावर घ्यायला लागली. मला वाटायला लागलं, कदाचित तिचंच बरोबर असेल.

वर्ष सरता सरता मानेत गाठी आल्या आणि तिला धाप लागायला लागली. पुन्हा तोच वॉर्ड, पुन्हा बरणी. या वेळी कापणं रजेवरून परतलेल्या दुसरीनं केलं असतं, पण मीच केलं. काच रंगवून मी डॉक्टरांच्या आधी बघितली. वेड्यावाकड्या पेशी काठापासून काठापर्यंत पसरल्या होत्या. जांभळा टिपका शोधायला मला काच चारी बाजूंनी सरकवावी लागली. गर्दी नव्हती. भोवती कुणीच आलं नव्हतं. डॉक्टरांनी बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला. आता औषधाचा काही उपयोग नाही, एवढंच म्हणाले.

मी वॉर्डात गेले. वहिनी दोन उशांना टेकून बसली होती. तिनं माझा हात धरला. "हायत का वो? येढा हाय का?"

"हाय," मी म्हटलं. "लय हायत."

तिनं डोळे मिटले. "मग ह्येस्नी तार करू नगा. रजा शिल्लक ऱ्हाऊ द्या. मी बरी झाल्यावर हिंडायला जाऊ."

मी तिचा हात सोडवला, तार ऑफिसात गेले आणि भावाला तार केली.

चौथ्या दिवशी तो आला. वर्दीतच होता, ट्रंक वॉर्डाच्या दारातच ठेवलेली. मी वहिनीजवळ बसले होते. त्याला बघून तिचा चेहरा एकदम फुलला, हात आपोआप पदराकडे गेला. मग तिला काहीतरी आठवल्यासारखं झालं आणि तिनं माझ्याकडे बघितलं.

"ह्ये कसं आलं?" तिनं विचारलं. आणि मग हळूच, "म्हंजे न्हाईत व्हय, वन्सं?"

मला तिच्याशी त्या पेशींबद्दल तिसऱ्यांदा काही बोलायचं धाडस झालं नाही. मी नुसती 'नाहीत' अशी मान हलवली.

ती रागावली नाही. ती रागावली असती तर आज मला थोडं सोपं गेलं असतं. तिनं केसांवरून हात फिरवला, पुन्हा आलेल्या त्या आखूड, राठ केसांवरून.

"तवाच सांगायचं हुतं," ती म्हणाली. "केस तरी इंचरून बसले आसते."

भाऊ दारातच उभा होता. मी तिच्या पिशवीतून कंगवा काढला आणि तिच्या पाठीशी जाऊन बसले.