भुताच्या पिक्चरचं चौदावं रीळ

“डबा आहे, पण रीळ कुठंय?”

मॅडमच्या हातात पत्र्याचा रिकामा डबा होता. झाकणावर माझ्याच हातानं तांबड्या पेंटमध्ये चौदा लिहिलेलं. मी डब्यात डोकावलो. रीळ कुठं गेलं ते मला चांगलं ठाऊक होतं. मीच ते कापून कापून संपवलं होतं.

मी जुन्या जालन्यातल्या एका थेटरात अठ्ठावीस वर्षं ऑपरेटर होतो. म्हणजे वरच्या केबिनमध्ये बसून मशीनवर पिक्चर चालवणारा. ही गोष्ट नव्वदीच्या शेवटाची. मॅडम पुण्याहून आल्या होत्या. जुने पिक्चर शोधून जपून ठेवायचं त्यांचं काम. वय तिशीच्या आत, पण सकाळपासून माळ्यावरची धूळ खात त्यांनी एकटीनं तेरा डबे खाली काढले होते.

पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, भुताचा, एका गाजलेल्या कादंबरीवरचा. आडगावच्या स्टेशनवर एक मास्तर असतो. रोज संध्याकाळी एक बाई येऊन त्याच गाडीचं तिकीट मागते आणि ती गाडी तर कधीच बंद झालेली. कादंबरीत ती बाई भूत निघते. पिक्चरवाल्यांनी शेवट बदलला होता. कसा, ते मात्र आता कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमला मुंबईच्या एका गोदामात एक प्रिंट सापडली होती, तिचं शेवटचं रीळ बुरशीनं पार गेलेलं. दुसरी प्रिंट आमच्याकडे. ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ती मॅटिनीला लागली, नंतर वितरकाचा धंदाच बसला आणि डबे न्यायला कुणी आलंच न्हाई.

“लेखक अजून आहेत,” मॅडम म्हणाल्या. “ब्याऐंशी वर्षांचे. शेवट बदलला म्हणून रुसले आणि आयुष्यभर पिक्चर पाहिलाच नाही. आता अंथरुणाला खिळलेत. म्हणतात, काय केलं माझ्या गोष्टीचं ते एकदा बघू द्या. डॉक्टरांनी फार दिवस दिलेले नाहीत, मामा.”

आमचे शेठ बाजूलाच उभे होते. ते म्हणाले, “अरे, मंग दे की काढून. डब्यात न्हाई तर दुसरीकडं असंल.”

“दुसरीकडं न्हाई, शेठ,” मी म्हणालो. “लीडरला गेलं.”

लीडर म्हणजे काय ते सांगतो. रिळाच्या तोंडाशी दहा-बारा फूट कोरी पट्टी असते. ती मशीनच्या दातांत अडकवायची, मग खरा पिक्चर सुरू. रोज अडकवून अडकवून ती पट्टी फाटते. नवी कोण देतो? मग ऑपरेटर लोक काय करायचे, तर पडीक पिक्चरचं एखादं रीळ घ्यायचं, त्याचे तुकडे कापायचे आणि फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून चालू प्रिंटला जोडायचे. पडद्यावर ते दिसत न्हाई, तेवढ्या वेळ उजेडाची झडप बंदच असते. हा आमचा रिवाज. माझ्या उस्तादनं मला शिकवला, मी पुढं चार जणांना शिकवला. बिलकुल वावगं वाटलं न्हाई. डब्यांच्या थप्पीत चौदावा डबा सगळ्यात वर होता, म्हणून हात त्याला लागला. बस, एवढंच. तिसरं रीळ वर असतं तर तिसरं गेलं असतं.

मॅडम डबा घेऊन खालीच बसल्या. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मामा, सगळंच गेलं का?”

तेव्हा मला सुचलं. प्रिंटांना जोडलेले तुकडे तर हैदराबादेपर्यंत गेले, ते आता गंगेला मिळाले. पण गावोगावच्या तंबू टॉकीजचे ऑपरेटर “उस्ताद, जरा लीडर द्या की” म्हणत माझ्याकडं यायचे. त्यांना मी सढळ हातानं द्यायचो. त्यांच्याकडं काही असलं तर असलं.

दुसऱ्या दिवशी शेठच्या जीपमधून आम्ही टेंभुर्णीला गेलो. तिथला सोपान माझाच चेला. तंबू बंद करून आता शेती करत होता. चहा झाला, गोष्ट सांगितली. त्याचा चेहराच उतरला.

“उस्ताद, खोटं कशाला बोलू? मोठं बंडल होतं की. शंभर-सव्वाशे फूट असंल. चला, दाखवतो.”

तो आम्हाला शेतात घेऊन गेला. ज्वारी हुरड्यात आलेली. पिकावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्ट्या बांधलेल्या, वाऱ्यानं फडफडत होत्या. पाखरं उडवायला.

मॅडम पळतच गेल्या. एक पट्टी सोडवून त्यांनी उन्हात धरली. कोरी. दुसरी धरली, तीही कोरी. दोन पावसाळ्यांत चित्र धुऊन गेलं होतं, नुसती काचेसारखी पारदर्शक फीत उरलेली. उभ्या जन्मात मी पिक्चरची अशी दशा पाहिली नव्हती, आणि ती करणारा मीच.

सोपान हात जोडून म्हणाला, “ताई, मला काय ठाऊक? उस्ताद म्हणाले रद्दी हाय, मी म्हणलं रद्दी हाय.”

“त्याला बोलू नका,” मी म्हणालो. “बोलायचं तर मला बोला.”

“मी कुणालाच बोलत नाहीये,” मॅडम म्हणाल्या आणि तिसरी पट्टी सोडवायला लागल्या.

मग आष्टीला गेलो, तर नशीब जरा बरं निघालं. तिथल्या टॉकीजवाल्याच्या पेटीत तुकडे जसेच्या तसे होते. अकरा तुकडे. आमच्या केबिनमध्येही शोधाशोध केली, तेव्हा रिवाइंडिंगच्या टेबलामागं आणखी पाच मिळाले. सगळे मिळून दोनशे फुटांच्या आत-बाहेर. म्हणजे दहा-अकरा मिनिटांच्या रिळातली दोन मिनिटं.

केबिनच्या टेबलावर बल्ब लावून आम्ही एकेक तुकडा पाहिला. रिकामा फलाट. मास्तरच्या हातातला कंदील. बाईचा चेहरा, ओठ हलताहेत. खिडकीतून पुढं आलेलं तिकीट. फलाटावर कुणीतरी पाठमोरं चालत निघालंय, पण बाई की मास्तर ते धुक्यात कळत न्हाई. मॅडमनी तुकडे दहा तऱ्हांनी मांडून पाहिले. कशातूनच शेवट लागेना.

मग त्यांनी मान वर केली. चेहरा एकदम उजळला.

“मामा, पण हा पिक्चर तुम्ही चालवलाय ना?”

“दोन आठवडे. रोज एक खेळ.”

“म्हणजे चौदा वेळा! मग अडतंय कुठं? तुम्ही सांगा, मी लिहून घेते. लेखक आजोबांना निदान वाचून तरी दाखवता येईल. शेवटी भूत कोण निघतं?”

मी हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

शेवटचं रीळ मशीनवर चढलं की ऑपरेटरचं पडद्याकडं काम संपतं. पुढं दुसरं रीळ लावायचं नसतं. मग तेराव्याला उलटं गुंडाळायला घ्यायचं, दुसऱ्या मशीनवर पुढच्या खेळाचं पहिलं रीळ चढवायचं, मशीनच्या दिव्याचे कार्बन बदलायचे. मधून मान वर करून उजेड बराबर आहे का तेवढं बघायचं. उजेड बघतो, गोष्ट न्हाई. चौदाच्या चौदा वेळा मी पडद्याकडं पाठ करून उभा होतो.

“मला माहीत न्हाई, मॅडम,” मी म्हणालो. मला माझीच इतकी लाज कधी वाटली न्हाई.

रशीदचाचा आमचे जुने गेटकीपर. त्यांना वर बोलावून घेतलं.

“शेवटाला मी कशाला थांबतोय?” ते म्हणाले. “धा मिंटं आधी दरवाजे खोलायला जातो. न्हाई तर पब्लिक अंगावर येते.”

शेठना विचारलं. ते त्या टायमाला सायकल स्टँडवर. ज्यांनी तो शेवट जालन्याला दाखवला, त्या तिघांपैकी एकानंही तो पाहिला नव्हता.

तुकडे पांढऱ्या कपड्यात गुंडाळून त्या घेऊन गेल्या. दोन महिन्यांनी पत्र आलं. लेखकांच्या खोलीत पडदा लावून पिक्चर दाखवला होता. तेरा रिळं ते हूं की चूं न करता बघत होते. मग आमची दोन मिनिटं लागली आणि पडदा पांढरा झाला. त्यांनी विचारलं, “पुढे?” कुणालाच सांगता आलं न्हाई. ते म्हणाले, “आता रागवायचं तरी कशावर?” त्यानंतर आठ दिवसांनी ते गेले. मॅडमनी पत्रात मला दोष दिला नव्हता. ते पत्र मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा हिंमत झाली न्हाई.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी पडीक पिक्चरला कात्री लावली न्हाई. शेवटचं रीळ लागलं की रिवाइंडिंग बंद. खिडकीशी उभं राहून शेवटपर्यंत बघायचो. पुढचा खेळ पाच मिनिटं लेट व्हायचा, शेठ ओरडायचे, पब्लिक शिट्ट्या मारायची. मारू देत. उद्या कुणी पुण्याहून आलं आणि विचारलं, तर सांगणारा एक तरी माणूस पाहिजे.