वनमाला वायरमन

सिरसाळ्याची वनमाला आठ वर्षं नवऱ्यासोबत ऊसतोडीला गेली. नवव्या वर्षी तिने कोयता ठेवला आणि आयटीआयत वायरमनच्या वर्गात नाव घातलं. वर्गात ती एकटीच बाई. आज गावात कुणाची लाइट बिघडली की फोन तिलाच येतो.

श्रावणातल्या एका सकाळी विजयसिंहांनी बोलावलं. गावातले मोठे जमीनदार, घर चाळीस वर्षांपूर्वीचं. बैठकीत छताचा दिवा फडफडत होता, होल्डरमधून जळका वास येत होता.

"होल्डर तेवढा बदल. बटन बंद केलंय," बटन दाबून विजयसिंह म्हणाले.

वनमालाने शिडीवर चढून टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"अण्णा, बटन चुकीच्या तारेवर बसवलंय. दिवा विझतो, पण करंट वर तसाच ऱ्हातो."

तिने खाली उतरून मेन पाडला. पंखा थांबला. ती पुन्हा टेस्टर घेऊन चढायला लागली.

"आता कावून बघती? मेन तर पाडला."

"बघितल्याबिगर हात लावत न्हाई मी."

टेस्टर पुन्हा पेटला. वनमालाने खाली बघत विचारलं,

"घरात इन्व्हर्टर हाय का?"

"जिन्याखाली हाय," त्यांची बायको वत्सलाबाई दारातून म्हणाली. "मागच्या उन्हाळ्यात बसवलाय, नुसत्या दिव्यांसाठी."

तो बंद केल्यावर टेस्टर विझला. वनमालाने खिशातला दुसरा टेस्टरही लावून खात्री केली, मगच छताचं गोल झाकण खोललं. तारेवरचं आवरण बोट लागताच भुगा होऊन पडलं. आतलं तांबं काळं पडलेलं.

"टेप मार अन् आजचा दिवस चालव. सांच्याला पाव्हणे येणार हायेत," विजयसिंह म्हणाले.

एके काळी अशा माणसासमोर तिची मान वर होत नसे. आता ती शिडीवरूनच सरळ बघत म्हणाली, "टेपचं काम न्हाई हे. उद्या नवी तार वढते. तवर हा दिवा लावायचा न्हाई."

विजयसिंहांना नाही ऐकायची सवय नव्हती. पण वत्सलाबाई म्हणाली, "ती म्हणती तसं होऊ द्या. पाव्हण्यांना ओसरीवर बसवू."

दुसऱ्या दिवशी वनमालाने पाइपातून जुनी तार ओढून काढली, नवी घातली आणि बटन योग्य तारेवर घेतलं. बटन बंद करून तिने होल्डरला टेस्टर लावून वत्सलाबाईला दाखवला. या वेळी तो पेटला नाही.

"बाकीच्या खोल्यांचं काय?" विजयसिंहांनीच विचारलं.

त्या तपासायला तिला तीन दिवस लागले. चार खोल्यांत तीच चूक निघाली.