पाहुणे आले की काय लपवता?

काल चहाचा कप पुस्तकांवर ठेवला आणि अर्थातच सांडला. भिजलेलं पुस्तक पुसायला उघडलं, तर पहिल्या पानावर एका कृष्णवर्णीय लेखिकेची सही. मी थेट नव्वदच्या दशकातल्या डेट्रॉइटच्या लायब्ररीत पोचलो.

ओल्या लोकरी कोटांचा वास येत होता. स्त्रियांच्या हक्कांसाठी तुरुंगात जाऊन आलेल्या त्या बाई, लोकांच्या फरशा पुसणाऱ्या आपल्या आईबद्दल वाचत होत्या. मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "पाहुणे आले की तुम्ही घरातलं काय लपवता?"

ट्रॉय या आमच्या उपनगरातली मराठी मंडळी जेवायला आली की मी बाबासाहेबांचा फोटो कपाटात कोटांमागे ठेवायचो. त्या मंडळींतल्याच कुलकर्णी काकू दोन रांगा पुढे बसल्या होत्या. डेट्रॉइटला घाबरून मी गाडीची दारं लॉक करून आलो होतो, पण हात थरथरले ते काकूंचा अंबाडा बघून.

शेजारी बसलेल्या बायकोनं हात वर केला. मी तिचा स्वेटर ओढला, तरी ती उठली आणि सगळं सांगून मोकळी झाली. काकूंनी मागे वळून पाहिलं. मी बूट न्याहाळत बसलो. ती भीती मी नागपूरहूनच बॅगेत भरून आणली होती हे आज कळतं, आणि ती अगदीच खोटीही नव्हती.

गाडीत म्हणालो, "संपलं. आता आपल्याला कोणी बोलावणार नाही."

"मग आपण बोलावू. काकूंना रविवारी जेवायला या म्हणून सांगून आलेय," ती म्हणाली. "फोटो हॉलमध्ये लावायचाय. खिळा मीच ठोकते, तुमचा हात अजून थरथरतोय."